उकळलं तरी जात नाही

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मागच्या अंकातल्या ‘पीएफएएस’वरच्या टिपणानंतर बरीच पत्रं आली. पीएफएएस म्हणजे कार्बन आणि फ्लोरिनच्या जोडणीतून बनवलेली हजारो रसायनं. ही जोडणी ऊन, पाऊस, जिवाणू कुणालाच सहजी तुटत नाही. आलेल्यांपैकी चार पत्रं इथे घेतली आहेत.

आमच्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे १.८ मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं. तेच का हे? आम्ही पाणी उकळून पितो. (मिरज तालुका)

नाही, नातं नावापुरतंच. फ्लोराइड खडकातून पाण्यात उतरतं आणि दात, हाडं बिघडवतं. आयएस १०५०० या भारतीय मानकात त्याची मर्यादा १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५. तुमचं पाणी त्याहून वर आहे, म्हणून पिण्या-स्वयंपाकाला ते बंदच करा. धुण्याभांड्याला चालेल.

पीएफएएस माणसाने बनवलेली आणि त्यांचा हिशेब नॅनोग्रॅमचा, म्हणजे मिलिग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाचा. अमेरिकेने २०२४ मध्ये त्यातल्या पीएफओए आणि पीएफओएस या दोघांना लिटरमागे प्रत्येकी ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. दहा हजार लिटरचे २५ हजार टँकर डोळ्यांसमोर आणा. एवढ्या पाण्याला ती मर्यादा गाठायला १ ग्रॅम पुरतो. आयएस १०५०० मध्ये त्यांच्यासाठी मर्यादाच नाही, त्यामुळे नेहमीच्या पाणी-अहवालात ती दिसणार नाहीत. टीडीएस मीटर तर इथे निरुपयोगीच.

उकळल्याने दोन्ही बाबतींत उलटंच होतं: वाफ उडते आणि मागे उरलेलं पाणी जास्त दाट होतं. पीएफएएसवर तुरटी, क्लोरिन, यूव्ही दिवा यांचाही उपयोग नाही. आरओ मात्र दोन्हींवर चालतो. कार्बन फिल्टर लांब (कार्बन अणूंच्या) साखळीची पीएफएएस धरतो, आखूड साखळीची निसटतात. कार्ट्रिज वेळेवर बदललं नाही तर धरलेलंही सोडू लागतं. पाण्यात पीएफएएस असतील तर आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्यात ती दाट होऊन बाहेर पडतात. तसं पाणी परसातल्या मेथी-कोथिंबिरीला घालू नका.

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत सुरक्षा विभागात आहे. दरवर्षी मॉकड्रिलला आग विझवायचा फोम मारतो, फेस नाल्यात जातो. ड्रमवर ‘पीएफओएस-फ्री’ लिहिलंय, म्हणजे काळजी नाही ना? (वाळवा तालुका)

आलेल्या पत्रांत सगळ्यात कामाचा प्रश्न हा. पीएफओएस-फ्री म्हणजे फ्लोरिन-फ्री नव्हे. पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत आलं. त्यानंतर बरेच फोम आखूड साखळीच्या, ‘सी-६’ म्हणतात त्या रसायनांवर गेले. तीही मोडत नाहीत आणि पाण्याबरोबर जास्त लांब जातात. ड्रमवर ‘एएफएफएफ’ असेल तर फ्लोरिन आहेच असं धरा. पुरवठादाराकडून सेफ्टी डेटा शीट मागून घटकांत ‘फ्लोरोसर्फॅक्टंट’ शब्द शोधा.

लगेच फोम टाकून द्यायला मात्र जाऊ नका. इथेनॉल साध्या फोममधलं पाणी ओढून घेतं आणि फेस बसतो, म्हणून तुमच्याकडे अल्कोहोल-रोधक फोमच लागतो. आहे तो खऱ्या आगीसाठी राखा, ड्रिलला वापरू नका. ३ टक्क्यांचा फोम म्हणजे ९७ लिटर पाण्यात ३ लिटर. २०० लिटरच्या एका ड्रमातून साडेसहा हजार लिटरहून जास्त द्रावण होतं, आणि तुमच्याकडे ते नाल्याला जातं. पंप, होज, मॉनिटर नुसत्या पाण्यावर तपासता येतात. फेसाचा सराव हवाच असेल तर फ्लोरिनविरहित ट्रेनिंग फोम मिळतो.

चुकून खरा फोम सुटलाच तर बंडचा, म्हणजे टाकीभोवतीच्या बांधाचा, व्हॉल्व्ह बंद करा आणि पाणी अस्तर असलेल्या खड्ड्यात अडवा. ते ईटीपीला, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राला, सोडणं ही नेहमीची चूक. तिथले जिवाणू पीएफएएस संपवत नाहीत, उलट फोममधल्या काही कच्च्या संयुगांपासून पक्की, न मोडणारी आम्लं तयार होतात. मग गाळ कंपोस्टमध्ये आणि पाणी उसाला, म्हणजे सगळं शेतात. अडवलेलं पाणी घातक कचरा म्हणूनच द्यावं लागतं.

फ्लोरिनविरहित फोमवर जाताना जुन्यावर नवा ओतू नका. दोन्ही मिसळून गोळा होऊ शकतो. टाकी-पाइप धुवा, धुण्याचं पाणीही साठवा. नवा फोम बहुधा जास्त दाट असतो, म्हणून प्रपोर्शनर (पाण्यात फोम मिसळणारं यंत्र) आणि नोझल त्याच्याशी जुळतात का ते बघा आणि इथेनॉलवरच्या चाचणीचा दाखला मागा. फेस थेट इथेनॉलवर न मारता टाकीच्या आतल्या भिंतीवरून घरंगळत सोडायचा, हे जुन्यालाही लागू आहे.

नाल्याकाठच्या विहिरीचा नमुना काचेच्या बाटलीत घेऊ नका, काचेला रसायन चिकटतं. एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीनची बाटली हवी, आणि नळाला टेफ्लॉन टेप गुंडाळलेली नको. ४ नॅनोग्रॅमच्या खालचं मोजता येतं का, हे प्रयोगशाळेला आधी विचारा.

इटलीतल्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रं लोट्याला आली म्हणे. कोयनेचं पाणी बिघडेल? (पाटण)

पीएफएएस बनवणारा तो कारखाना व्हेनेतो प्रांतात त्रिसिनोला होता. त्याने तिथलं भूजल दूषित केलं आणि २०१८ मध्ये तो दिवाळखोरीत गेला. जून २०२५ मध्ये विचेंझाच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. यंत्रसामग्री कोकणातल्या लोटे परशुरामला आली हे खरं, पण म्हणून तिथेही तसंच झालं असं होत नाही.

पाण्याचं म्हणाल तर लोटे सह्याद्रीच्या पलीकडे. तिथलं पाणी दाभोळ खाडीला जातं. पोफळीला वीज करून कोयनेचंच पाणी वाशिष्ठीत उतरतं, तिकडून इकडे काही चढत नाही. हवेची गोष्ट वेगळी. अमेरिकेत पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्याच्या धुराड्यातून गेलेलं पीएफओए ओहायो नदीपलीकडच्या भूजलात उतरलं होतं. म्हणून चिमणीची आणि भूजलाची तपासणी नियमित मागणं रास्त आहे.

नॉनस्टिक तव्यावर भाकरी करते. सून बाळाला अंगावर पाजते. काही धोका? (कोरेगाव)

अंगावर पाजणं थांबवू नका. पीएफएएस दुधातून थोडी उतरतात, तरी दुधाचे फायदे जास्त आहेत आणि वैद्यकीय सल्ला पाजण्याचाच आहे. शरीरात ती चरबीत नाही, तर रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतात. पीएफओए निम्मं व्हायलाच २ ते ३ वर्षं लागतात. कोलेस्टेरॉल वाढणं, लसीचा परिणाम कमी होणं आणि मूत्रपिंडाचा कर्करोग यांच्याशी त्यांचा संबंध दिसला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२३ मध्ये पीएफओएला पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोगकारक म्हणून, घातलं.

तव्यावरचा थर मात्र पीएफओए नव्हे. पोटात गेलेला त्याचा कपचा बहुतेक तसाच बाहेर पडतो. अडचण आचेची आहे. भाकरीला तवा कोरडा आणि कडक तापवावा लागतो, आणि साधारण २६० अंशांच्या वर हा थर बिघडू लागतो. आणखी तापला तर धूर छातीला बाधतो. घरात पोपट असेल तर तो त्या धुराने मरतोसुद्धा. नॉनस्टिक मंद आचेवरच्या धिरड्या-आंबोळ्यांना ठेवा. भाकरीला बिडाचा किंवा लोखंडी तवाच घ्या, भाकरीही चांगली फुगेल.