दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला योगाभ्यासाची वेगळी गरज आहे का?

आपण विचारले आहे की, घरची कोरडवाहू शेती स्वतःच्या हाताने करणाऱ्या आणि चाळिशीत कंबरदुखी सुरू झालेल्या माणसाला योगासनांची वेगळी गरज आहे का, आणि योगाचा जो आध्यात्मिक भाग म्हणतात तो खेड्यात राहून, महागडे शिबिर केल्यावाचून साधतो का. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात योगवर्ग घेतो आणि वर्गाला येणारे बहुतेक जण शेतकरी व शेतमजूरच आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गरज आहे, आणि ती बैठे काम करणाऱ्यांपेक्षा वेगळ्या प्रकारची आहे. शेतीच्या कामात मेहनत भरपूर असली तरी ती एकाच दिशेची असते. निंदण, कापसाची वेचणी, सोयाबीनची सोंगणी, धानपट्ट्यातील रोवणी, ही सगळी कामे कंबरेतून पुढे वाकून करायची असतात, आणि फवारणीत तर भरलेल्या पंपाचे पंधरा-सोळा किलो वजन दिवसभर पाठीवर असते. अशा कामाने पाठीचे स्नायू सतत ताणलेले व थकलेले राहतात, छाती आखडते आणि खांदे पुढे येतात. त्यामुळे आपल्यासारख्यांनी सुरुवातीलाच पश्चिमोत्तानासनासारखी पुढे वाकण्याची आसने करण्यात मला काही अर्थ दिसत नाही. पालथे पडून विसावण्याचे मकरासन, पालथे पडून छाती उचलण्याचे भुजंगासन, पालथे पडून पाय उचलण्याचे शलभासन आणि भिंतीला पाठ टेकवून केलेले ताडासन यांपासून आरंभ करावा.

भुजंगासनाचेच घेऊ. वेचणीच्या दिवसांत वर्ग संध्याकाळी भरतो. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळल्या बोंडांनी बोटांवर ओरखडे उठलेल्या बाया सतरंजीवर पालथ्या होतात, आणि वर उठा म्हटले की हातांनी जमीन रेटून एकदम उठतात. मग सांगावे लागते की, कोपरे अंगाशी राहू द्या, बेंबी जमिनीला टेकलेली असू द्या, तळहातांवरचा भार इतका कमी करा की ते क्षणभर उचलता आले पाहिजेत, आणि पाठीच्या बळावर छाती जितकी उठेल तितकीच उठू द्या. उंची निम्म्याने कमी होते, पण पाठ प्रथमच काम करू लागते. आमच्या वर्गातील एका मावशींचे आसन बाहेरून अगदी बरोबर दिसत होते, मात्र दात घट्ट आवळलेले होते आणि श्वास रोखलेला होता. जबडा सैल सोडा आणि कपाळावरची आठी जाऊ द्या, एवढेच सांगितले. त्यांचा श्वास आपोआप लांबला आणि त्या त्याच स्थितीत पूर्वीपेक्षा अधिक वेळ सहज राहिल्या.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला याच ठिकाणी सापडते. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाविषयी केवळ ३ सूत्रे आहेत, दुसऱ्या पादातील ४६ ते ४८. पहिल्यात आसन स्थिर आणि सुखकर असावे असे म्हटले आहे. दुसऱ्यात ते प्रयत्न सैल केल्याने व चित्त अनंताच्या ठायी लावल्याने साधते असे सांगितले आहे. आणि तिसऱ्यात त्याचे फळ दिले आहे, ते म्हणजे शीत-उष्णादी द्वंद्वांचा आघात होत नाही. जो माणूस पहाटेपासून जोर लावूनच जगतो, त्याला आणखी जोर लावायला शिकवण्यात काय हशील? त्याला नको तिथला जोर काढून घेणे शिकायचे असते. शरीराचा योग निराळा आणि अध्यात्माचा निराळा, असे मी म्हणूनच मानत नाही. जबडा सैल करताना जो आपल्या ताणाकडे बघायला शिकतो, तोच पुढे मनात उठलेल्या रागाकडे बघू शकतो, आणि चित्ताच्या वृत्तींचा निरोध म्हणजे योग, या पतंजलींच्या व्याख्येकडे जाणारी वाट तिथूनच सुरू होते.

आसनांच्या आधी यम आणि नियम, म्हणजे इतरांशी वागण्याची आणि स्वतःची शिस्त, येतात, हे अलीकडे पुष्कळ शिबिरांत घाईने उरकले जाते. खेड्यात त्यांची कसोटी रोज लागते. अस्तेय म्हणजे चोरी न करणे, हे सगळ्यांनाच मान्य असते. पण नांगरताना शेजाऱ्याच्या धुऱ्यात, म्हणजे बांधात, नांगराची एक रेघ सरकण्याचा मोह आवरणे हेही अस्तेयच आहे, आणि ते कोणत्याही आसनापेक्षा अवघड आहे. शौचाचे, म्हणजे शुद्धतेचे, तसेच. तोंडात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, धरून प्राणायामाला बसणाऱ्यांना मी आधी चूळ भरून यायला सांगतो, आणि खर्रा सुटल्याखेरीज श्वासाचा अभ्यास पुढे जाणार नाही हेही स्पष्ट सांगतो. शेजाऱ्याचे पीक आपल्यापेक्षा चांगले आले असता त्याच्या आनंदात आनंद मानणे, ज्याला मुदिता म्हणतात, हीदेखील साधनाच आहे आणि तिला सतरंजीसुद्धा लागत नाही.

प्राणायामाची घाई करू नये. आरंभी श्वास सोडण्याची क्रिया घेण्यापेक्षा थोडी लांबवावी, ती सहज झाली की कुंभक न करता, म्हणजे श्वास न रोखता, अनुलोम-विलोम करावा. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कपालभाती व भस्त्रिका हे जोरकस श्वासाचे प्रकार करू नयेत. फवारणी केलेल्या दिवशी मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी असे काही जाणवल्यास ते प्राणायामाने घालवण्याचा प्रयत्न मुळीच न करता अंगावरचे कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन तडक दवाखाना गाठावा. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले आहेत. त्याचप्रमाणे नापिकी आणि कर्जाच्या काळजीने झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर केवळ ध्यानावर विसंबू नये. डॉक्टरांना भेटावे, १४४१६ या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या विनामूल्य क्रमांकावर बोलावे. योग मनाला बळ देतो, परंतु तो पिकाच्या भावाची किंवा पावसाची भरपाई करतो असे मी कुणाला सांगत नाही.

राहिला प्रशिक्षणाचा प्रश्न. २०० तासांचा जो अभ्यासक्रम सर्वत्र ऐकू येतो, तो योगा अलायन्स या अमेरिकी संस्थेचा मापदंड आहे आणि तो शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या साधनेला प्रमाणपत्र लागत नाही, मात्र आरंभी जाणत्या शिक्षकाची नजर लागते, कारण आपली पाठ आपल्याला दिसत नाही. विदर्भात याची सोय चांगली आहे. नागपूरला रामनगरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे, अमरावतीला १९१४ पासूनचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, आणि रामटेकच्या कालिदास संस्कृत विद्यापीठात योगाचे अभ्यासक्रम चालतात. गावात गुरुदेव सेवा मंडळाची शाखा असल्यास तुकडोजी महाराजांनी घालून दिलेल्या सामुदायिक ध्यानाला व प्रार्थनेला अवश्य बसावे. स्थिर बसण्याची सवय लागण्यास चार लोकांची संगत फार उपयोगी पडते.

अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केला तर दृढ होतो, असे पतंजली सांगतात. तर हठयोगप्रदीपिका या हठयोगावरील जुन्या ग्रंथाने योग बिघडवणाऱ्या ६ गोष्टींत अतिश्रम आणि नियमांचा हट्ट या दोहोंची गणना केली आहे. शेतकऱ्याने दोन्ही वचने एकत्र ध्यानात ठेवावीत. पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत पूर्ण क्रम करण्याचा अट्टहास नको. रात्रीच्या जेवणाआधी मकरासन, तीन-चार वेळा भुजंगासन आणि शवासन एवढे पुरे, परंतु तेवढे चुकवू नये. उन्हाळ्यात हाताला काम कमी असते, तेव्हा ऊन चढण्याआधी क्रम वाढवावा.

आपल्या कंबरदुखीबद्दल एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्यावी. कळ कंबरेतून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पाऊल उचलताना बळ कमी वाटत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून त्यांच्या सल्ल्यानेच आसने सुरू करावीत. तसे काही नसेल तर आजपासून मकरासन करण्यास हरकत नाही.