रॉक ऐकणाऱ्याने जॅझमध्ये मागच्या दाराने शिरावं
अरे एकदम जॅझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचे सगळे अल्बम डाउनलोड करून बसू नकोस, दोन दिवसांत कंटाळशील. तुला आवडतं त्या रॉकमध्येच जॅझवाले लपलेत ते आधी शोध. रोलिंग स्टोन्सच्या 1981 च्या 'टॅटू यू'वरचं 'वेटिंग ऑन अ फ्रेंड' लाव, त्यातला सॅक्सोफोन चक्क जॅझमधल्या दिग्गज सॉनी रॉलिन्सचा आहे, आणि त्यांचा तेव्हाचा ड्रमर चार्ली वॉट्स तर मुळातच जॅझवेडा होता. मग स्टीली डॅन या रॉक बँडचं 'एजा', 1977, आठ मिनिटांचं गाणं आहे पण मध्येच बंद करू नकोस, जॅझ सॅक्सोफोनवाल्या वेन शॉर्टरचा सोलो सुरू झाला की खाली स्टीव्ह गॅड काय ड्रम्स बडवतो ते हेडफोन लावूनच ऐक, मोबाइलच्या स्पीकरवर काही कळणार नाही. शॉर्टर आवडला तर पुढे त्याचा जॅझ अल्बम 'स्पीक नो ईव्हिल' ऐक.