विश्रांतीत हृदय उत्तम, मग जिना चढताना धाप का?

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे असून मला गेली नऊ वर्षे टाइप २ मधुमेह आहे. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७.६ टक्के आहे. जिना चढताना दुसऱ्या मजल्यापर्यंत मला चांगलीच धाप लागते. माझ्या वयाच्या मैत्रिणी मात्र बोलत बोलत चढतात. ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आले, इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के आहे. हृदय उत्तम आहे असे सांगून मला परत पाठवण्यात आले. हृदय उत्तम असेल तर धाप कशाची? आणि अशा स्थितीत व्यायाम करावा की टाळावा?

उत्तर : आपली तक्रार खरी आहे आणि रिपोर्टही खरे आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आधी स्पष्ट करतो. आपल्या तपासण्या आपण पलंगावर पडून असताना झाल्या, आणि त्रास मात्र जिन्यावर होतो. इजेक्शन फ्रॅक्शन म्हणजे डाव्या जवनिकेत (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात) भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते ते प्रमाण. त्यावरून हृदय आकुंचन कसे पावते हे कळते. ते सैल कसे पडते आणि किती सहज भरते, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मधुमेहात बहुधा बिघाडाची सुरुवात होते ती नेमकी या सैल पडण्याच्या टप्प्यात.

मिनिटाला ७५ ठोके पडत असतील, तर एका ठोक्याचे चक्र ०.८ सेकंदाचे असते आणि त्यातला सुमारे ०.५ सेकंद हृदयाला भरून घ्यायला मिळतो. श्रमामुळे ठोके १५० वर गेले की सगळे चक्रच ०.४ सेकंदाचे होते आणि भरण्यासाठी ०.२ सेकंदही उरत नाही. निरोगी हृदय अशा वेळी अधिक वेगाने सैल पडते आणि रक्त जणू ओढून घेते. मधुमेहामुळे ताठरलेल्या हृदयाला ते नीट जमत नाही. तेवढेच रक्त आत घ्यायला त्याला जास्त दाब लागतो, तो दाब डाव्या कर्णिकेतून (वरच्या डाव्या कप्प्यातून) मागे फुप्फुसांच्या शिरांपर्यंत पोहोचतो, आणि माणसाला धाप लागते. श्रम थांबवल्यावर काही मिनिटांत दाब उतरतो. म्हणूनच विश्रांतीत केलेल्या तपासणीत बरेचदा काहीच दिसत नाही.

हा ताठरपणा येतो कुठून? सैल पडणे ही आपोआप घडणारी क्रिया आहे असे आपल्याला वाटते, पण तसे नाही. प्रत्येक ठोक्यानंतर स्नायूपेशीतले कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढून न्यावे लागते आणि त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. मधुमेहात हृदय ग्लुकोज कमी आणि स्निग्धाम्ले (चरबीतून मिळणारे इंधन) जास्त जाळते. तेवढीच ऊर्जा मिळवण्यासाठी स्निग्धाम्लांना प्राणवायू अधिक लागतो. त्यातच हृदयातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या गरजेच्या वेळी पुरेशा रुंदावत नाहीत. शिवाय वर्षानुवर्षे चढलेली साखर कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांना चिकटून त्यांच्यात आडवे बंध निर्माण करते आणि हृदयाची भिंतच कडक होते. म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्यांत अडथळा नसतानाही हृदय दुबळे होऊ शकते. १९७२ मध्ये रुबलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे चार रुग्ण वैद्यकीय साहित्यात नोंदवले. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या दीर्घकालीन पाहणीतून दिसले की मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत हृदय अपयशाचे (हार्ट फेल्युअरचे) प्रमाण मधुमेही पुरुषांत दुपटीहून अधिक, तर मधुमेही स्त्रियांत सुमारे पाचपट होते. स्त्रियांच्या धापेकडे ‘वय झाले, वजन वाढले’ म्हणून दुर्लक्ष होते, ते मला म्हणूनच फार खटकते.

सगळा दोष हृदयाचाच असतो असेही नाही. शरीर किती प्राणवायू वापरते हे दोन गोष्टींवर ठरते : हृदय मिनिटाला किती रक्त पुरवते आणि स्नायू त्यातून किती प्राणवायू काढून घेतात. टाइप २ मधुमेहात पायांच्या स्नायूंकडे रक्त पोहोचण्याचा वेग आणि स्नायूपेशींची तो प्राणवायू वापरण्याची क्षमता, दोन्ही घटलेली आढळतात.

आता काय करावे? हिमोग्लोबिन, थायरॉइड, मूत्रपिंड आणि फुप्फुसे तपासून घ्यावीत, कारण धापेची कारणे तिथेही सापडतात. त्यानंतर हृदयरोगतज्ज्ञांना ‘मला त्रास श्रमातच होतो’ असे स्पष्ट सांगून, श्रम करवून इको करता येईल का हे विचारावे. त्यात सायकल चालवताना हृदयात रक्त भरण्याचा दाब किती वाढतो याचा अंदाज घेता येतो. हृदयावरचा ताण दाखवणारी बीएनपी ही रक्ततपासणीही उपयोगी पडते, मात्र स्थूल व्यक्तींमध्ये तिचा आकडा फसवा कमी येऊ शकतो.

व्यायाम टाळू नये. तपासणीत तातडीचे काही नसेल, तर तो उपचाराचाच भाग आहे. आठवड्याला एकूण १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये, आणि दोन-तीन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायामही करावा. सुरुवात दहा मिनिटांच्या सपाट रस्त्यावरच्या चालण्याने केली तरी चालेल. पायांचे स्नायू सुधारले की तेवढाच जिना चढायला हृदयावर कमी भार पडतो. मात्र छातीत दडपण आले, आडवे पडल्यावर धाप वाढू लागली किंवा पाय सुजले, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : मनगटावरच्या घड्याळात ‘२२० वजा वय’ या हिशेबाने ठोक्यांचे लक्ष्य दिसते. मी मधुमेही असून रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेतो. कितीही वेगाने चाललो तरी ते लक्ष्य गाठता येत नाही. मी कमी पडतो आहे का?

उत्तर : मुळीच नाही. तो हिशेब ढोबळ सरासरीचा आहे, आणि बीटा ब्लॉकर ठोके वाढूच देत नाही. मधुमेहाने हृदयाच्या नसा (ठोक्यांचे नियंत्रण करणारे मज्जातंतू) बाधित झाल्या असतील तर औषधाविनाही ठोके पुरेसे वाढत नाहीत. अशा काही जणांचे ठोके विश्रांतीतच १०० च्या वर असतात. त्यामुळे आपण घड्याळापेक्षा श्वासावर विसंबावे : बोलता येते पण गाता येत नाही, इतका श्रम मध्यम समजावा. ट्रेडमिल चाचणी झाली असेल तर ठोके किती चढले याबरोबरच ते किती लवकर उतरले हेही डॉक्टरांना विचारावे. थांबल्यानंतर पहिल्या मिनिटात, सावकाश चालत असताना, ते १२ किंवा त्याहून कमीच उतरले असतील, तर ती लक्ष देण्याजोगी बाब असते. ज्यांच्या नसा बाधित आहेत त्यांना हृदयाला रक्त कमी पडत असूनही छातीत दुखत नाही, म्हणून नेहमीच्या अंतरात अचानक जास्त थकवा किंवा घाम येऊ लागला तर तो दुखण्याइतकाच गंभीर मानावा.

प्रश्न : माझे पती इन्सुलिन घेतात. भरभर चालून एकदम थांबले की त्यांना भोवळ येते. साखर कमी होत असेल का?

उत्तर : होत असेल, पण तर्क न करता त्याच क्षणी ग्लुकोमीटरवर पाहावे. ७० मिलिग्रॅमच्या खाली आकडा आला, तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यावे. निघण्यापूर्वी साखर ९० च्या खाली असेल, तर १५ ते ३० ग्रॅम कर्बोदके खाऊनच निघावे. आकडा ठीक असूनही भोवळ येत असेल, तर रक्तदाब बसून आणि मग उभे राहून मोजावा. चालताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलतात. एकदम थांबल्यावर ते रक्त पायांत साठते, आणि नसा बाधित असल्यास रक्तवाहिन्या वेळेवर आकुंचन पावत नाहीत. त्यांना शेवटची पाच ते दहा मिनिटे वेग उतरवत चालू द्यावे, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ किंवा मात्रा बदलण्याबाबत मोजलेले आकडे दाखवून डॉक्टरांशी बोलावे.