एनव्हिडियाचं के४२०० की पी२०००, गेमिंगसाठी कुठलं ग्राफिक्स कार्ड घ्यावं

अरे, कोअरच्या (चिपमधल्या हिशेब करणाऱ्या छोट्या भागांच्या) आकड्यावर जाऊ नकोस. के४२०० मध्ये १३४४ कुडा कोअर आहेत नि पी२००० मध्ये १०२४, म्हणून जुनं कार्ड भारी वाटतं, पण ते केप्लर या जुन्या चिप-पिढीचं आहे, २०१४ चं, आणि पी२००० नंतरच्या पास्कल पिढीचं, म्हणजे त्याचा कोअर जास्त क्लॉकवर (वेगाने) पळतो आणि चिप तीच जी जीटीएक्स १०६० या गेमिंग कार्डमध्ये होती, फक्त थोडी कापलेली. शिवाय केप्लरला नवे ड्रायव्हर येणं कधीच थांबलंय, डायरेक्टएक्स १२ चे (विंडोजवर गेम ज्यातून ग्राफिक्स कार्ड वापरतात त्या सॉफ्टवेअरचे) नवे फीचर्सही नाहीत, त्यामुळे काही नवे गेम सुरूच होणार नाहीत. पी२००० ७५ वॅटमध्ये भागवतं, वेगळी पॉवर केबल नको. मेमरीही ५ जीबी. पण निव्वळ गेमिंगच करायचं असेल तर क्वाड्रोच (ही दोन्ही कार्डं ज्यातली आहेत ती, व्यावसायिक कामांसाठीची मालिका) कशाला रे, त्याच पैशात साधं जीटीएक्स बघ ना आधी.