नेदरलँड्सला एन्व्हायर्नमेंटचं मास्टर्स: सांगलीहून विचारणाऱ्या मुलीला सविस्तर उत्तर

तू लिहिलंयस की बी.एस्सी. एन्व्हायर्नमेंटल सायन्सचं शेवटचं वर्ष चालू आहे, मास्टर्स बाहेर करायचंय, 'फील्डवर्क भरपूर' असलेला कोर्स हवाय, आणि इथलं वाखनिंगन विद्यापीठ कसं आहे ते ताई सांगा. बाबा कर्ज काढायला तयार आहेत, पण तुलाच धाकधूक वाटते. मी मूळची चिपळूणची. वाखनिंगनलाच मास्टर्स केलं आणि आता इथेच नद्यांच्या कामात आहे, त्यामुळे जे सांगते ते अनुभवातून सांगते.

आधी त्या 'फील्डवर्क भरपूर'बद्दल. गमबूट घालून चिखलात उभ्या असलेल्या मुलामुलींचा फोटो प्रत्येक विद्यापीठाच्या माहितीपत्रकात असतो. त्यावर जाऊ नकोस. कोर्सच्या समन्वयकांना मेल करून सरळ विचार: दोन वर्षांत बाहेर किती दिवस? मोजमाप विद्यार्थी स्वतः घेतात की नुसतं दाखवतात? त्या मोजमापांचा पुढे कुणाला उपयोग होतो? प्रवासाचा खर्च फीमध्ये धरलाय का? या चार प्रश्नांची नीट उत्तरं आली तर पुढे जायचं.

वाखनिंगनचं मास्टर्स १२० क्रेडिटचं असतं आणि एक क्रेडिट म्हणजे २८ तासांचं काम. त्यातला प्रबंध साधारण ३६ क्रेडिटचा आणि इंटर्नशिप २४ ची. म्हणजे निम्मी पदवी वर्गाबाहेर, तू निवडलेल्या प्रश्नावर होते. फील्ड ट्रिप किती आहेत यापेक्षा ही निम्मी पदवी तू कुठे आणि कशावर घालवणार आहेस, हे जास्त महत्त्वाचं आहे. बहुतेक जण हा विचार इथे आल्यावर आठ-दहा महिन्यांनी करतात. तू आताच कर.

तरी फील्डवर शिकवतात कसं, ते एका दिवसावरून सांगते. वाखनिंगन हे ऱ्हाईनच्या एका फाट्याच्या काठचं छोटं गाव. नदी आणि मुख्य बांध यांच्यामध्ये पूरजमीन असते, नदी चढली की ती पाण्याखाली जाते. पहिल्याच महिन्यात आम्हाला तिथे सायकलवरून नेलं आणि दर दोघांत माती काढायचं एक हातगिरमिट दिलं. ते फिरवत साधारण सव्वा मीटर खाली जायचं, दर वेळी वर आलेली माती ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने गवतावर मांडायची. मग चिमूटभर ओली माती बोटांत वळून बघायची. लांब वात झाली तर चिकणमाती, मोडली तर वाळू जास्त. गंजासारखे नारिंगी ठिपके दिसले की तिथपर्यंत भूजल वर-खाली होतं. त्याखाली निळसर करडी माती लागली की ती बारमाही पाण्यात आहे. मग सौम्य आम्लाचा थेंब टाकायचा. ऱ्हाईनने आणलेल्या तरुण गाळात चुना असतो, तो फसफसतो.

मी मातीचा रंग दुपारी खोलीवर परत आल्यावर लिहिला. सर म्हणाले, ही नोंद बाद. माती सुकली, रंग बदलला, आता हे गिरमिट पुन्हा मारावं लागेल. दुसऱ्या दिवशी पावसात मी एकटी पुन्हा गेले. चिपळूणला तीन वर्षं मी पर्यावरणशास्त्र शिकले होते, पण जागेवर, ओल्या मातीशी बसून, वेळ घालून नोंद करायची सवय मला कुणी लावली नव्हती. ही एक सवय मी इथून घेतली आणि आजही माझी भाकरी तिच्यावरच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे इथे माणसांशी बोलणं हेही फील्डवर्कच धरतात. १९९३ आणि १९९५ ला इथल्या नद्यांना मोठे पूर आले. १९९५ ला जवळजवळ अडीच लाख लोकांना घरं सोडायला लागली. त्यानंतर सरकारने बांध आणखी उंच करत बसण्याऐवजी नदीला जागा द्यायचं ठरवलं. नाइमेखन शहरासमोर मुख्य बांध ३५० मीटर मागे सरकवला, नवा उपप्रवाह खणला, आणि त्यासाठी सुमारे ५० घरं उठवली. दुसऱ्या एका ठिकाणी शेतकऱ्यांनीच आराखडा मांडला की आम्ही उंच टेकाडांवर घरं-गोठे बांधतो, पुराच्या वेळी पाणी आमच्या शेतात येऊ द्या. आम्हाला तिथे नेलं तेव्हा वही घेऊन शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसवलं. भरपाई पुरली का, कुणी नाही म्हणालं का, हे विचारायला लावलं. सांगलीत निळी पूररेषा, लाल पूररेषा यावरून जे चालतं ते तू जवळून पाहिलंयस. तुला हे भिडेल.

२०२१ च्या जुलैत इथे दक्षिणेकडे लिम्बर्खमध्ये पूर आला. फाल्कनबर्ख गावात दुकानांतून चिखल काढणारी माणसं मी पाहिली. आठच दिवसांनी, २२ जुलैला, वाशिष्ठी नदी आमच्या चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली. दीड दिवस घरच्यांचा फोन लागत नव्हता. मी इथे पुराचे नकाशे करत होते आणि माझ्याच गल्लीत पाणी किती चढलंय हे सांगणारी एकही मोजपट्टी मला ठाऊक नव्हती. त्या दिवसापासून मी प्रत्येक येणाऱ्याला सांगते की प्रबंधाचा प्रश्न घरून घेऊन या. मार्गदर्शक इथला आणि फील्ड आपल्याकडचं, असा प्रबंध इथे होऊ शकतो. त्यासाठी आपल्याकडची एखादी संस्था सोबत लागते, ती ओळख निघण्याआधीच करून ठेव.

आता पैसे. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला इथे वर्षाची फी वीस हजार युरोच्या आसपास आणि वर पडते. राहणं-खाणं, विमा, फोन धरून महिन्याला अकराशे ते तेराशे युरो. दोन वर्षांचा हिशेब ६० लाखांच्या पुढे जातो. एवढं कर्ज नुसत्या 'तिथे नोकरी लागेल' या भरवशावर काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकताना तुला आठवड्याला १६ तासच काम करता येतं, किंवा मग जून, जुलै, ऑगस्टमध्ये पूर्णवेळ, आणि त्यासाठीही मालकाला परवाना काढावा लागतो. त्यातून किराणा निघतो, फी निघत नाही.

म्हणून इरास्मस मुंडुस या युरोपीय संघाच्या योजनेतल्या संयुक्त मास्टर्सना आधी अर्ज कर. शिष्यवृत्ती मिळाली तर फी नाही, शिवाय महिन्याला १,४०० युरो, तेही जास्तीत जास्त २४ महिने. शिक्षणही दोन-तीन देशांत होतं. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत घेतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत शिफारसपत्रं हातात हवीत. पाण्यात रस असेल तर डेल्फ्टची आयएचई ही संस्था बघ. ती १९५७ पासून विकसनशील देशांतल्या लोकांना पाण्याचं काम शिकवते.

जर्मनीचाही विचार कर. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळपास नाही. फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहे तिथे मात्र आपल्याला सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात. एबर्सवाल्डचं विद्यापीठ छोटं आहे, पण वनशिक्षणाची परंपरा १८३० पासूनची, आणि जंगल दारात. जर्मनीसाठी आपल्या शैक्षणिक कागदपत्रांची एपीएस, म्हणजे जर्मन दूतावासाच्या विभागाकडून, पडताळणी लागते, तिला वेळ लागतो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे एकदम पैसे काढता न येणाऱ्या खात्यात, वर्षाचे सुमारे बारा हजार युरो दाखवावे लागतात. ते तुमचेच असतात, महिन्याला थोडे थोडे परत मिळतात.

खोलीचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. प्रवेश पक्का झाला त्याच दिवशी वाखनिंगनच्या विद्यार्थी-गृहसंस्थेत, म्हणजे इडेआलिसमध्ये, नाव नोंदव. माझ्या वर्गातल्या एकीने ऑनलाइन भेटलेल्या घरमालकाला न पाहता दोन महिन्यांचं डिपॉझिट पाठवलं. इथे आल्यावर कळलं की तो पत्ताच खोटा होता. खोली प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही.

आणि डच शीक. शिक्षण सगळं इंग्रजीत होतं, त्यामुळे गरज वाटत नाही, पण शिक्षणानंतर नोकरी शोधायला मिळणारं एक वर्ष, ज्याला इथे झूकयार म्हणतात, ते भाषा नसेल तर फार लवकर सरतं. नद्या-बांधांचं बरंचसं काम इथे २१ जलमंडळांकडे आहे. त्यांच्या सभा डचमध्ये, अहवाल डचमध्ये, आणि तो शेतकरीही त्याच्या स्वयंपाकघरात डचच बोलतो. मी दुसऱ्या वर्षी सुरुवात केली, तो उशीर मला महागात पडला. तू येण्याआधी सहा महिने रोज अर्धा तास दे.

निघेपर्यंत तुझ्याकडे अजून वर्षभर आहे, आणि त्यासाठी एक काम देते. तुमच्या घराच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ अजून दिसते असं तू लिहिलंयस. त्या वेळी आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे. गल्लीतल्या जितक्या घरांवर अशा रेघा असतील त्या सगळ्यांची जमिनीपासूनची उंची टेपने मोज. जागा, तारीख, मोजायची वेळ वहीत तिथल्या तिथे लिही. घरातल्या माणसांना विचार, पाणी कोणत्या बाजूने शिरलं, किती दिवस राहिलं, आधी कुणी सांगायला आलं होतं का. वीस घरं झाली की मला पानांचे फोटो पाठव. तुझ्या अर्जात काय लिहायचं ते त्या वहीवरून आपण दोघी बसून ठरवू.