आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच जपानला जातोय. दहा दिवसांत कुठे कुठे जावं?

होक्काइदो, म्हणजे साप्पोरो असलेलं उत्तरेकडचं बेट, काढून टाका. बाकीच्या यादीचं बघू.

नोव्हेंबरच्या मध्यातले दहा दिवस, सत्तरीकडे झुकलेले आई-बाबा, दोघंही पक्के शाकाहारी, आणि यादीत टोकियो, फुजी, क्योटो, नारा, ओसाका, हिरोशिमा, साप्पोरो. मी योकोहामात नोकरी करतो. भारतातून येणाऱ्या नातेवाइकांच्या अशा याद्या कात्री लावायला माझ्याकडे येतच असतात, आणि पहिली कात्री बहुतेक वेळा साप्पोरोलाच लागते. टोकियोहून विमान दीडच तासाचं, पण विमानतळावर जाण्यायेण्यात दोन्ही बाजूंचा अर्धा अर्धा दिवस जातो. शिन्कानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, अजून हाकोदातेच्या पुढे गेलेली नाही. बरं, नोव्हेंबरच्या मध्यात तिथे रंगीत पानं गळून गेलेली असतात, बर्फ नीट साचलेला नसतो, आणि लॅव्हेंडरची शेतं पाहायची तर जुलैत यायला हवं.

आता माझं मुख्य म्हणणं. ठिकाणं नंतर ठरवा, आधी मुक्काम ठरवा. दहातले जवळजवळ दोन दिवस विमानात आणि विमानतळावर जाणार, म्हणजे हातात आठ. इथली हॉटेलं सकाळी दहा-अकराला खोली रिकामी करायला लावतात आणि पुढची खोली साधारण दुपारी तीनला मिळते. त्यात नोव्हेंबरात सूर्य पाचच्या आतच मावळतो आणि बहुतेक देवळं साडेचार-पाचला बंद होतात. त्यामुळे हॉटेल बदलण्याचा दिवस म्हणजे पाहण्याच्या दृष्टीने गेलेला दिवस. ट्रॅव्हल कंपन्यांच्या पत्रकात रोज नवं शहर छापलेलं छान दिसतं. प्रत्यक्षात त्यातलं निम्मं बसच्या खिडकीतून पाहायचं असतं.

म्हणून दोनच ठाणी करा, टोकियो आणि ओसाका, आणि मध्ये एक रात्र वेगळी, तिच्याबद्दल खाली लिहितो. विमानाचं तिकीट टोकियोत उतरून ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परत निघण्याचं मिळतंय का पाहा. तेवढा उलटा प्रवास वाचतो.

क्योटो सोडून ओसाकाला का राहायचं? क्योटोत पानं लाल होण्याचा भर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात असतो. तेव्हा खोल्यांचे भाव चढलेले असतात आणि सिटी बसमध्ये आईंना उभं राहायलासुद्धा जागा मिळणार नाही. भुयारी रेल्वेच्या दोनच लाइनी आहेत, त्या सगळ्या देवळांपर्यंत पोचत नाहीत. ओसाकाहून जलद लोकलने क्योटो अर्ध्या तासावर आहे. सकाळी लवकर निघा, शहराची एकच बाजू धरा, आणि तिघं-चौघं असाल तर टॅक्सी करायला मागेपुढे पाहू नका. कियोमिझुदेरा हे देऊळ सुंदर आहे, पण चढ आणि पायऱ्या आहेत. किन्काकुजीचं सोन्याचं देऊळ दुसऱ्या टोकाला आहे, ते त्याच दिवसात कोंबू नका.

फुशिमी इनारी मात्र क्योटोच्या दिवसात न घालता नाराच्या दिवसात घाला. क्योटो स्टेशनवरून नारा लाइनची साधी लोकल पकडली की दुसरं स्टेशन इनारी, आणि देऊळ स्टेशनच्या समोरच. तिकीट नाही, दार चोवीस तास उघडं. ते शेंदरी तोरींचे, म्हणजे कमानींचे, बोगदे पाहायला डोंगरमाथ्यापर्यंत जायची गरज नाही, खालचा भाग पुरतो. मग त्याच लाइनने पुढे नारा. तिथल्या तोदाइजी देवळातली बुद्धाची कांस्यमूर्ती सुमारे 15 मीटर उंच आहे. 752 साली तिचे डोळे रंगवण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला होता. मूर्तीसमोर उभं राहून आई-बाबांना हे जरूर सांगा. बाहेर हरणं मोकळी फिरतात आणि खाण्यासाठी पिशव्या ओढतात, तेवढं सांभाळा.

हिरोशिमा ओसाकाहून एका दिवसात होतं, शिन्कानसेनने जेमतेम दीड तास. पण संग्रहालय आणि मियाजिमा बेट एकाच दिवसात करायचं तर आई-बाबा रात्री तुमच्याशी बोलणार नाहीत. बॉम्ब पडला ती जागा पाहायची मनापासून ओढ असेल तर जा, आणि त्या दिवशी फक्त तेवढंच करा. नाहीतर मी हिमेजी सुचवेन. ओसाकाच्या शिन-ओसाका स्टेशनवरून शिन्कानसेनने अर्धा तास. ओसाकाचा किल्ला 1931 साली काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेला, आत लिफ्ट असलेला आहे. हिमेजीचा 1609 चा लाकडी किल्ला मात्र मूळचा, तसाच उभा आहे. वळणावळणाचे रस्ते, एकामागून एक दरवाजे, भिंतीतून मारा करायला ठेवलेली भोकं... सह्याद्रीतले किल्ले हिंडलेल्या माणसाला गाइड लागत नाही. आतले जिने फार उभे आहेत, ते तुम्ही चढा. आई-बाबांना शेजारच्या कोको-एन बागेत बसवा. (पुणेकर असाल तर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून केलं, ते ओकायामाचं कोराकुएन याच मार्गावर थोडं पुढे आहे. पण पहिल्या फेरीत नको.)

आता ती एक रात्र. तुमच्या यादीत कोयासान नाही, आणि तुमच्यासारख्या कुटुंबाला मी तेच आधी सांगेन. नवव्या शतकात कूकाई नावाच्या भिक्षूने डोंगरावर वसवलेलं बौद्ध मठांचं गाव आहे. ओसाकाच्या नांबाहून नानकाई रेल्वे, मग केबल कार, मग बस, असे मिळून साधारण दोन तास लागतात. रात्री मठातच राहायचं. जेवण शोजिन र्‍योरी, म्हणजे मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. हे महत्त्वाचं अशासाठी, की जपानात ‘व्हेज’ म्हणून समोर आलेल्या नूडल्स किंवा मिसो सूपमध्ये बहुधा सुकवलेल्या माशाचं पाणी असतंच. मठात ही धाकधूक नाही. संध्याकाळी देवदारांतून ओकुनोइनच्या जुन्या स्मशानातून चालून या, सकाळी लवकर प्रार्थनेला बसा. इथल्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही आहे, 2015 मध्ये त्याचं अनावरण झालं. अडचणी दोन. थंडी चांगलीच असते आणि झोपायला जमिनीवरच्या गाद्या. गुडघ्यांचा त्रास असेल तर खाट आणि आतच संडास असलेली खोली मिळते का ते बुक करतानाच विचारा. मोठ्या बॅगा ओसाकाच्या हॉटेलात ठेवून जा.

फुजीसाठी टोकियोतल्या मुक्कामात हाकोनेचा, म्हणजे जिथून फुजी दिसतो त्या डोंगराळ भागाचा, एक दिवस धरा, पण वार आधीच पक्का करू नका. हवामान बघून आदल्या रात्री ठरवा. नोव्हेंबरात सकाळी आकाश स्वच्छ असण्याची शक्यता चांगली असते. ढग आलेच तरी आशी तलावातली बोट आणि रोपवे आहेतच. रोपवेच्या वाटेवरच्या ओवाकुदानीला गंधकाचा धूर असतो, कुणाला दमा असेल तर तो टप्पा गाळा. शिवाय टोकियोहून ओसाकाला जाताना शिन्कानसेनमध्ये उजव्या बाजूच्या खिडकीची ‘ई’ सीट घ्या. निघाल्यावर पाऊण तासाने डोळे उघडे ठेवा.

टोकियोबद्दल फार लिहीत नाही, तिथे चुकायला वाव कमी. उएनो किंवा आसाकुसाच्या आसपास राहा, मेइजी देऊळ सकाळी, शिबुया संध्याकाळी. घरच्यासारखं जेवायची हुक्की आली तर निशी-कासाईला जा. एदोगावा वॉर्डातल्या त्या भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ त्या वॉर्डाच्या सभेवर निवडूनही आले होते.

सात दिवसांच्या रेल्वे पासाच्या मागे लागू नका. ऑक्टोबर 2023 मध्ये तो 29,650 येनवरून 50,000 वर गेला आणि टोकियो-क्योटोचं एका बाजूचं तिकीट 14,000 च्या आसपास आहे, तेव्हा या बेतात तो परवडत नाही. बॅगा टोकियोच्या हॉटेलातूनच ताक्क्यूबिनने, म्हणजे सामान पोचवणाऱ्या कुरिअरने, ओसाकाला पाठवा, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात. व्हिसाच्या अर्जात दिवसवार कार्यक्रम लिहून द्यावा लागतो. तो लिहायच्या आधी कोयासानची खोली मिळतेय का बघा, कारण पानांच्या दिवसांत त्या लवकर संपतात. बाकीच्या तारखा तिच्या मागेपुढे बसवता येतात.