पाण्याची वाटी: आधी घासा, मग निर्जंतुक करा

हॅमस्टर किंवा गिनीपिग नवीन आणलाय, तर त्याच्या पाण्याच्या वाटीच्या सफाईसाठी सुरुवातीला एवढंच पुरेसं आहे. वाटीतलं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून नुसतं वरून भरू नका. आतून बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर तो जिवाणूंचा थर आहे. तो विसळून जात नाही, घासावाच लागतो.

रोज: उरलेलं पाणी ओता, गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाच्या एक-दोन थेंबांनी घासा, खळखळून धुवा. ब्रश वेगळा ठेवा, स्वयंपाकघरातला नको.

आठवड्यातून एकदा: घासून झाल्यावर 1 लिटर गार पाण्यात साधारण 30 मिली साधं, बिनवासाचं ब्लीच घालून वाटी 10 मिनिटं बुडवा. वास पूर्ण जाईपर्यंत धुवा, कोरडी होऊ द्या. द्रावण दरवेळी ताजंच करा. मळ तसाच ठेवून ब्लीच वापरलं, तर त्याचा जोर मळावरच संपतो. नवखे हमखास इथेच चुकतात.

पांढरे क्षार व्हिनेगरने निघतात, पण ते वेगळ्या दिवशी. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. फिनाइल तर नकोच.

वाटीऐवजी पिंजऱ्याला लावायची नळीवाली पाण्याची बाटली असेल तर नळीही आतून बारीक ब्रशने साफ करा आणि भरल्यावर टोकाची गोळी बोटाने दाबून पाणी येतंय ना, ते बघा. गोळी अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो.

चरे पडलेली प्लास्टिकची वाटी टाकून द्या. चिनी मातीची जड वाटी घ्या, ती सहसा उलटतही नाही.